राघू का चावतो?

पाळलेला राघू चावरा निघाला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. मीही दिला होता. पुढे अनुभवाने व थोड्या अभ्यासाने जे उमगले, ते मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझी आई माहीमला पानवेलीच्या वाडीत पाने खुडायला जाते. गेल्या चैत्रात तिथला शेंडा गळालेला माड पाडला, तेव्हा त्याच्या ढोलीतून राघूचे पिल्लू खाली आले. पंख पुरते फुटले नव्हते. आईने ते पदरात घालून घरी आणले. पेरू आणि भिजवलेली चणाडाळ खाऊन मिठू वाढला, आणि चावू लागला. एकदा माझे बोट रक्तबंबाळ झाले. मी किंचाळले, बाबांनी पिंजऱ्यावर हात आपटला. चावणे मात्र वाढतच गेले.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. मानसशास्त्राच्या तासाला स्किनर (१९०४–१९९०) यांचे कबुतरांवरील प्रयोग शिकवले. ज्या कृतीमागून हवे ते फळ मिळते, ती कृती प्राणी पुन्हा करतो. त्या दिवसापासून मिठू केव्हा चावतो, त्याआधी काय घडते आणि नंतर काय, हे मी वहीत टिपू लागले. तीन कारणे दिसली.

पहिले, पोपटाची चोच हाच त्याचा हात. तो चोचीने चढतो, चोचीनेच वस्तू पारखतो. कोवळ्या वयात ती किती दाबावी हे त्याला कळत नाही. मी बोटाऐवजी पेरूची ओली काडी पुढे करू लागले.

दुसरे, भीती. वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटत असावा. म्हणून हात समोरून, त्याच्या छातीच्या पातळीवर, सावकाश न्यावा. मानेची पिसे फुलली, अंग ताठरले, चोच उघडली, की थांबावे. ही त्याची ताकीद असते. ती आपण ऐकली नाही तरच तो चावतो.

तिसरे, आमचाच आरडाओरडा. चावले की हात दूर होतो, घर गोळा होते; म्हणजे चावण्याला फळ मिळते. तेव्हा ओरडू नये, मारू तर नयेच. गुपचूप त्याला खाली ठेवून थोडा वेळ लक्ष काढून घ्यावे. न चावता बसला की एक डाळ द्यावी.

महिन्याभरात मिठू शांतपणे बोटावर बसू लागला. मला फार अभिमान वाटला. मग ग्रंथालयात वाचले की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील पोपट पकडणे, पाळणे वा विकणे गुन्हा आहे. आमच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. आईला सांगितले, तर ती म्हणाली, "चावत होता तोवर तो रानाचा होता, पोरी."

ते शब्द मला लागले. मी मोडली ती खोड नव्हती, परक्याची भीती होती. आणि बाहेर तीच त्याला जगवणार होती. नुसते पिंजऱ्याचे दार उघडले असते तर त्याने मांजरालाही जवळ येऊ दिले असते. म्हणून आम्ही वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवले व मिठूला त्यांच्या स्वाधीन केले.

ज्यांच्या घरी बजरीगरसारखे परदेशी पक्षी आहेत, त्यांना वरील उपाय उपयोगी पडावेत. मात्र वाडीत राघूचे पिल्लू सापडले, तर ते माणसाळण्याआधीच वनखात्याला कळवावे. मी उशिरा कळवले.