शब्द पाठ करू नकोस, धातू धर

चि. माई हिस,


संस्कृत म्हणजे नुसती घोकंपट्टी, असं तू लिहिलंस. माझं ऐक, शब्दांच्या याद्या बाजूला ठेव आणि एकच धातू हाती घे: ‘वह्’, म्हणजे वाहून नेणे.

मांजरसुंब्याच्या चौकात उभी राहा. धुळे-सोलापूर महामार्गावरची वाहनं त्याचीच, एसटीतला ‘वाहक’ त्याचाच, आणि बालाघाटातून बीडकडे उतरणाऱ्या बिंदुसरेचा प्रवाहही. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडचे कोयते ज्यासाठी ऊसतोडीला निघतात, त्या उदरनिर्वाहातही तोच आहे. शिवाय पाणी वाहतं, माणूस ओझं वाहतो आणि कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीवर आपण बेल वाहतो. ही सारी ‘वह्’चीच लेकरं.

उपसर्ग लागला की अर्थ वळण घेतो. वधूला घेऊन जाणं म्हणजे विवाह, शेवटापर्यंत नेणं म्हणजे निर्वाह. पूजेत देवाला जवळ आणायचं ते आवाहन. रक्तदानाचं करतात तेही आवाहनच. प्रतिस्पर्ध्याला देतात ते मात्र आव्हान, आणि ते ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे, या वेगळ्या धातूचं. भलेभले इथे चुकतात, तू चुकू नकोस.

नुसत्या कानावर विसंबू नकोस. ‘वह्’ला ‘त’ प्रत्यय लागला की ‘व’चा ‘उ’ होतो, त्याला व्याकरणात संप्रसारण म्हणतात. पुढे रूप बनतं ‘ऊढ’. त्यातून नवोढा, म्हणजे नववधू, आली आणि ‘प्र’ लागून प्रौढही. वाहन आणि प्रौढ एका घरचे आहेत, हे ऐकून कुणाला पटेल? उलट ‘आरूढ’ कितीही जवळचा वाटला, तरी तो ‘रुह्’चा.

म्हणून आठवड्याला एकच धातू घे. वहीच्या पानावर मधोमध तो लिही, भोवती उपसर्ग मांड आणि घरात, बाजारात, बातम्यांत ऐकलेला शब्द त्याला जोड. जोडण्याआधी वामन शिवराम आपट्यांचा कोश उघड. १८९० साली निघालेला हा कोश आजही खात्रीनं वाट दाखवतो. ‘कृ’, ‘गम्’, ‘स्था’, ‘हृ’ यांच्यापासून सुरुवात कर.

गुण मिळतीलच. पण अनोळखी शब्द समोर आला की न घाबरता त्याचं कूळ विचारण्याची सवय तुला लागावी, ही माझी खरी इच्छा. ती सवय जन्मभर उपयोगी पडेल.

तुझा,
मामा