एका धातूचं गोत

घरात आमची तंजावरी मराठी, दारात तमिळ आणि वर्गात इंग्रजी, अशी माझी सगळी हयात तंजावरात गेली. क्रियापदावरून नाम, नामावरून विशेषण कसं होतं हे मुलांना शिकवता शिकवता मलाच जे उमगत गेलं, ते मांडतो.

१. कोष्टकातले शब्द परीक्षेपुरते राहतात, डोळ्यांनी पाहिलेले जन्मभर पुरतात. ‘लिहिणं’ या अर्थाच्या ‘स्क्रीब’ या लॅटिन मुळाचं बहुतेक गोत आमच्या गावातच नांदतं. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो इन्स्क्रिप्शन. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या म्हणजे मॅन्युस्क्रिप्ट. तिथल्या दप्तरांतली मोडी ही स्क्रिप्ट. श्वार्ट्झ पाद्र्यांच्या हाताखाली इंग्रजी शिकलेल्या या राजाला वैद्यकाचाही ध्यास होता. नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी त्याने ठेवून घेतल्या आणि त्या आजही जपलेल्या आहेत. रोगाचं वर्णन केलं की डिस्क्रिप्शन, औषध लिहून दिलं की प्रिस्क्रिप्शन. देऊळ ते राजवाडा एवढ्या वाटेत अख्खा धडा होतो.

२. मुलांना ही विद्या आधीपासून येत असते. महालाच्या संग्रहालयात पोथ्यांच्या काचेपाशी मी ‘मॅन्युस्क्रिप्ट’ फोडून सांगत होतो: मानुस म्हणजे हात, स्क्रिप्ट म्हणजे लिहिलेलं. मागून एक मुलगी एकदम म्हणाली, “सार, कैयेळुत्तु!” कै म्हणजे हात, एळुत्तु म्हणजे लेखन, तमिळमध्ये सहीला हाच शब्द आहे. मी म्हटलं, मराठीत हस्तलिखित. तीन भाषांनी हात आणि लेखन यांची सारखीच गाठ मारली होती. ती तिथेच थांबली नाही. एळुदु म्हणजे लिही, एळुत्तु म्हणजे अक्षर, एळुत्ताळर म्हणजे लेखक, असं तिने बोटांवर मोजून दाखवलं. ‘द’ जाऊन ‘त्त’ कसा आला, हेही तिच्याच लक्षात आलं. इतक्या वर्षांत मी इतकं सुरेख व्याकरण कुणाला शिकवलं नव्हतं, आणि तिलाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी इंग्रजी धातू फळ्यावर लिहिण्याआधी मुलांकडून त्यांच्या भाषेतला मागून घेतो.

३. रूप बदललं तरी नातं तुटत नाही. डिस्क्राइबमधल्या ‘ब’चा डिस्क्रिप्शनमध्ये ‘प’ का होतो, हे मुलं हमखास विचारतात. मी भजनाकडे बोट दाखवतो. रामदासी मठांच्या या गावात भजन, भक्त, भक्ती हे शब्द तमिळ मुलांच्याही कानावरचे. पुढे ‘त’ आला की ‘ज’चा ‘क’ होतो, तसाच लॅटिनमध्ये ‘ब’चा ‘प’. जिभेची सोय सगळीकडे सारखीच.

४. कुठलंच गोत पुरतं भरत नाही. लिहिणारा लेखक, गाणारा गवई, खेळणारा मात्र खेळाडू. इंग्रजीतही तसंच. सबस्क्राइब करणारा सबस्क्रायबर यूट्यूबमुळे पोराटोरांच्या तोंडी आहे, पण डिस्क्राइब करणाऱ्याला डिस्क्रायबर म्हणताना सहसा कुणी ऐकू येत नाही. प्रत्यय पाठ करून हे कळत नाही. त्याला वाचनच लागतं, आणि तेही भरपूर.

५. काही विशेषणं तर वेगळ्याच घरातून आणलेली असतात. टूथचं डेंटल, सनचं सोलर, मूनचं लूनर. घरगुती शब्द इंग्रजीचा स्वतःचा, भारदस्त शब्द लॅटिनचा. मराठी घरांतली मुलं यावर कुरकुरली की मी त्यांना विचारतो, दुखतो तो दात, मग आई नेते ती दंतवैद्याकडे का?