जादूगार मंडळात जावे की न जावे?

‘हौशी जादूगारांच्या मंडळाचे सभासद होण्यात काही अर्थ आहे काय?’ हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परीक्षा, नोकरीची चिंता आणि घरची ओढाताण यांत सापडलेल्या विद्यार्थ्याने असल्या प्रश्नाचा विचार तरी का करावा, असे कोणी म्हणेल. माझे वडील कळमना बाजारात हमाली करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या वर्षी मंडळाच्या वर्गणीसाठी मी तीनशे रुपये मागितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बाबू, याच्यानं पोट भरते का? नाई भरत, त मंग कायले जातं?” पैसे त्यांनी दिले, पण प्रश्न तसाच राहिला. वर्षभर मंडळात गेल्यानंतर त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जादू आणि जादूटोणा

मराठीत ‘जादू’ हा एकच शब्द दोन विरुद्ध गोष्टींसाठी वापरला जातो. रंगमंचावर रिकाम्या टोपीतून कबुतर काढणारा जादू करतो, आणि ‘तुमच्यावर करणी झाली आहे’ असे सांगून लिंबू कापणाराही जादू जाणतो असे लोक म्हणतात. पहिला हातचलाखी करतो आणि ती हातचलाखी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. दुसराही पुष्कळदा तीच हातचलाखी करतो; फक्त तिला दैवी शक्तीचे नाव देतो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, फसवणे व दहशत बसवणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. करमणुकीसाठी जादूचे प्रयोग करणाऱ्याला त्यापासून भय नाही.

हा फरक मी प्रथम पुस्तकातून शिकलो नाही. मी सातवीत असताना उमरेड तालुक्यातील आमच्या गावी एक मांत्रिक आला होता. माझी आजी त्या वेळी गुडघेदुखीने बेजार होती. मांत्रिकाने तिच्यावरून लिंबू उतरवले आणि सर्वांसमक्ष सुरीने कापले. लिंबातून लाल रस निघाला. ‘हे रक्त आहे, करणी मोठी आहे,’ असे त्याने सांगितले. करणी उतरवण्यासाठी आजीने अकराशे रुपये आणि पायातले चांदीचे तोडे दिले. गुडघे दुखायचे थांबले नाहीत. मी तेथेच उभा होतो. तो लाल रस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे मला शंका घ्यायलाही जागा नव्हती.

पुढे बी. ए. च्या पहिल्या वर्षाला असताना नागपुरातच एका कार्यक्रमात एका हौशी जादूगाराने तेच लिंबू कापले, तोच लाल रस काढला आणि हसत हसत सांगितले, “ही हातचलाखी आहे, मंडळी!” सभागृह हसले. मला हसू आले नाही. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठले. त्यांच्याकडूनच मला मंडळाची माहिती मिळाली. महिन्यातून दोन रविवारी दहा-बारा माणसे एका शाळेच्या खोलीत जमतात, एवढेच त्याचे स्वरूप.

मंडळांची परंपरा

आपल्याकडे गारुडी, मदारी यांची विद्या पिढीजात चालत आली. बापाने मुलाला शिकवावी आणि बाहेर कोणाला सांगू नये, ही रीत. त्यांना मंडळाची गरज नव्हती; कुटुंब हेच मंडळ होते. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या आरंभी जादूगारांच्या संघटना निघाल्या. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली ‘सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स’, लंडनमध्ये १९०५ साली ‘द मॅजिक सर्कल’ आणि १९२२ साली ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स’ स्थापन झाली. या शेवटच्या संस्थेच्या स्थानिक शाखांना ‘रिंग’ म्हणतात. गुपित राखणे, दुसऱ्याचा प्रयोग न चोरणे आणि एकमेकांना शिकवणे, ही अशा संघटनांची सर्वसाधारण उद्दिष्टे.

मंडळावाचून मोठा जादूगार होतच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांचेच उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातील आंबेठाणचा हा मुलगा पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात राहून शिकला, एका राजस्थानी जादूगाराकडून त्याने विद्या घेतली आणि पुढे देशोदेशी प्रयोग केले. ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांचे प्रवासवर्णनही प्रसिद्ध आहे. यावरून दिसते ते असे की, मंडळ नसले तरी चालेल, पण शिकवणारे माणूस हवेच. रघुवीरांना गुरू भेटला. ज्यांना असा गुरू भेटत नाही, त्यांच्यासाठी मंडळ हा गुरू शोधण्याचा साधा मार्ग आहे.

प्रत्यक्ष लाभ

आज मोबाईलवर शेकडो प्रयोगांची रहस्ये फुकट पाहायला मिळतात. मग मंडळ कशाला? मीही प्रथम असेच शिकलो. पाच रुपयांचे नाणे तळहातात लपवण्याचा सराव मी दोन महिने आरशासमोर केला. आरशात सर्व ठीक दिसत होते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वस्तीतली मुले लाकडी बैल घेऊन जमली असता मी तो प्रयोग केला. डाव्या बाजूला उभ्या असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीने मोठ्याने सांगितले, “दादा, पैसे त्या हातात हायेत!”

मंडळातील पहिल्याच बैठकीत या फजितीची कारणे कळली. एक, आरसा फक्त समोरून पाहतो. प्रेक्षक बाजूनेही पाहतात. दोन, नाणे लपवण्याच्या नेमक्या क्षणी मी डोळे मिटत होतो. आपल्या चोरीकडे आपणच पाहू नये म्हणून नवशिक्याचे डोळे त्या क्षणी आपोआप मिटतात आणि आरशात स्वतःचे मिटलेले डोळे कोणालाच दिसत नाहीत! तीन, नाणे ज्या हातात लपवले होते त्याच हाताकडे मी पाहत होतो. जादूगार जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतो, हा या विद्येचा पहिला पाठ आहे. रिकाम्या हाताकडे मनापासून पाहावे लागते. हे तीन दोष दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांवाचून समजले नसते. मोबाईल दाखवतो, पण तो आपल्याकडे पाहत नाही.

दुसरा लाभ बोलण्याचा. ग्रामीण भागातून आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला चार माणसांसमोर उभे राहण्याची धास्ती असते. वर्गात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी खाली पाहत असे. मंडळात प्रत्येकाला दर बैठकीत पाच मिनिटे उभे राहून प्रयोग करावा लागतो. चुकले तर हसतात, पण पुन्हा करायलाही लावतात. यंदा इतिहासाच्या चर्चासत्रात मी प्रथमच निबंध वाचला, त्याचे श्रेय या पाच मिनिटांना आहे.

मर्यादा

केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. काही सभासदांचा सर्व भर महागड्या साहित्यावर असतो. नवी पेटी आणली की नवा जादूगार झालो, असे त्यांना वाटते. गरीब विद्यार्थ्याने या मोहात पडू नये. एक दोरी, दोन रुमाल, चार नाणी आणि पत्त्यांचा एक जोड एवढ्यावर दोन वर्षे सहज शिकता येते. शिवाय बैठका रात्री नऊपर्यंत चालतात. आमच्या मंडळात एकही विद्यार्थिनी नाही, त्याचे हे एक कारण असावे. लंडनच्या मॅजिक सर्कलनेही स्त्रियांना प्रवेश दिला तो १९९१ साली, म्हणजे स्थापनेनंतर ८६ वर्षांनी. आपण तेवढी वाट पाहू नये. बैठक दुपारी घ्यावी, असा अर्ज मी दिला आहे.

गुपिताचा प्रश्न

सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. सभासद होताना गुपित न फोडण्याचे वचन द्यावे लागते. मी तर लिंबाचे गुपित जाणून ते गावात सांगण्यासाठीच आलो होतो! चौथ्या बैठकीत मी हे उघड बोललो तेव्हा वाद झाला. एक सभासद रागावून म्हणाले, “आज लिंबू सांगशील, उद्या सगळेच सांगशील. आमच्या प्रयोगाला कोण येईल?” त्यांचेही चूक नव्हते. ते लग्नसमारंभांत आणि शाळांत प्रयोग करून घर चालवतात.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद शेवटी बोलले. “जो फसण्याची मजा घ्यायला आपणहून येऊन बसला, त्याचे गुपित राखा. ज्याला न सांगता फसवले, त्याचे गुपित कसले? ती तर चोरी लपवणे झाले.” मला हा विचार पटला. तो नवीनही नाही. जगप्रसिद्ध हूडिनी १९१७ पासून १९२६ साली मृत्यू येईपर्यंत सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचा अध्यक्ष होता. मृतात्म्यांशी बोलतो असे सांगणाऱ्यांची लबाडी त्याच काळात त्याने उघडकीस आणली. जादूगाराची नजर असल्यामुळेच त्याला ते जमले. आपल्या नागपुरात तर १९८२ साली श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. अशा चळवळींतील कार्यकर्ते गावोगावी ‘चमत्कार’ करून दाखवतात आणि लगेच त्यामागचे कारण समजावून देतात. पाण्याने पेटणाऱ्या दिव्यात तळाशी कॅल्शियम कार्बाइड असते; पाणी पडताच त्यातून पेट घेणारा वायू निघतो. लाल लिंबाचेही तसेच. सुरीच्या पात्याला मिथाइल ऑरेंजसारखे रसायन लावून वाळवलेले असते आणि लिंबाच्या आंबट रसाने ते लाल होते.

आजीचे लिंबू

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. विज्ञान शाखेच्या एका मित्राकडून थोडे रसायन आणले होते. आजीला ओट्यावर बसवले, लिंबू तिच्यावरून उतरवले आणि कापले. लाल रस पाहून तिने हात जोडले. मग मी पाते धुऊन पुसले आणि दुसरे लिंबू कापले. रस नेहमीसारखाच निघाला. पुन्हा रसायन लावले, वाळू दिले, तिसरे लिंबू कापले. पुन्हा लाल. या वेळी सुरी मी तिच्याच हातात दिली होती.

आजी बराच वेळ बोलली नाही. मला वाटले होते, ती हसेल किंवा त्या मांत्रिकाला शिव्या देईल. ती म्हणाली, “मंग माहे तोडे?”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मंडळातही कोणापाशी नाही. गेलेले तोडे परत आणण्याची जादू कोणालाच येत नाही. पण त्या संध्याकाळी शेजारच्या तीन बाया आजीने स्वतः बोलावून आणल्या आणि मला म्हणाली, “यायले दाखव.” लिंबे संपेपर्यंत मी दाखवत राहिलो.

निष्कर्ष

एवढ्या विवेचनावरून माझे मत असे बनले आहे. केवळ रहस्ये जमवायची असतील, किंवा साहित्य मिरवायचे असेल, तर मंडळात जाऊ नये. वेळ व पैसा दोन्ही वाया जातील. परंतु आपली चूक दाखवणारी माणसे हवी असतील, चार लोकांत बोलण्याचे धैर्य हवे असेल आणि डोळ्यांना दिसते ते सर्व खरेच असते असे नाही, हे हाताने शिकायचे असेल, तर अवश्य जावे. सभासद होण्यापूर्वी मात्र एक प्रश्न विचारावा : ‘फसवल्या गेलेल्या माणसाला खरे सांगायला तुमची परवानगी आहे काय?’ उत्तर ‘नाही’ आले, तर वर्गणी खिशातच ठेवावी.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येईल. बाबा, याने पोट भरत नाही, हे खरे. पण कोणी आपल्या पोटातला घास हातोहात काढून नेत असेल, तर तो कोणत्या हाताने नेतो, हे कळू लागते. यंदाची वर्गणी मी शिकवणी करून स्वतःच भरली आहे.