एक कविता, अनेक अर्थ

कवितेचा तास सुरू झाला की वर्गातून हमखास एक मागणी येते, "सर, अर्थ सांगा, आम्ही लिहून घेतो." मग वहीत चार ओळी उतरतात. त्या पाठ होतात आणि परीक्षेत जशाच्या तशा लिहिल्या जातात. कविता मात्र वाचायची राहूनच जाते. मराठी ही आपल्या घरची भाषा नाही, तेव्हा कवितेचा खरा अर्थ आपल्याला कसा कळणार, अशी भीती या मागणीच्या मागे असते. ही भीती कितपत खरी आहे, ते एका लहानशा कवितेच्या मदतीने पाहू.

त्या कवितेचे नाव 'औदुंबर'. ती बालकवींची आहे. त्यांचे पूर्ण नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. तेथे या कोवळ्या वयाच्या कवीला 'बालकवी' ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

औदुंबर म्हणजे उंबराचे झाड. उर्दूत आपण त्याला गूलर म्हणतो. कवितेत आठच ओळी आहेत आणि शब्द सोपे आहेत. एक झरा वाहतो आहे. त्याच्या दोन्ही काठांना हिरवळ आहे. पलीकडे टेकडीच्या बाजूला एक लहानसे खेडे आहे. घरे अगदी थोडी. खेड्यापुढे शेते आणि मळे आहेत. त्यांतून एक पांढरी पायवाट वाकडीतिकडी निघते आणि काळ्या डोहाच्या दिशेने जाते. तेथे पाण्यावर काळी छाया पसरली आहे आणि पाण्यात पाय सोडून औदुंबर बसला आहे. येथे कविता संपते.

कवितेत 'मी' हा शब्द कोठेही नाही. सुखाचा किंवा दुःखाचा उल्लेख नाही. खेडे आहे, वाट आहे. पण एकही माणूस दिसत नाही. कवीने आपले मत दिलेले नाही, म्हणून वाचणाऱ्यांनी आपापली मते मांडली. या आठ ओळींवर मराठीत अनेकांनी लिहिले आहे आणि त्यांचे एकमत झालेले नाही.

काहीजण म्हणतात, हे केवळ एक सुंदर चित्र आहे. निळा, हिरवा, पांढरा आणि काळा हे रंग पाहावेत आणि आनंद घ्यावा. त्यात आणखी काही शोधू नये.

दुसरे म्हणतात, हा औदुंबर एखाद्या योग्यासारखा आहे. गाव, शेत, वाट या साऱ्यांपासून तो अलिप्त आहे. या अर्थाला एक आधार आहे. हिंदू परंपरेत औदुंबराचे झाड दत्तात्रेयांचे स्थान मानतात. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी औदुंबर नावाचे दत्ताचे तीर्थक्षेत्रच आहे. शिवाय कवीने रोजच्या बोलण्यातला 'उंबर' हा शब्द न घेता 'औदुंबर' हा शब्द घेतला आहे.

तिसरे वाचक डोहापाशी थांबतात. गावातून निघालेली वाट शेवटी काळ्या पाण्याकडे जाते, म्हणजे ही माणसाच्या आयुष्याची वाट आहे आणि डोह म्हणजे मृत्यू, असे ते म्हणतात. बालकवींचा अकाली अंत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ चटकन पटतो. येथे थोडे सावध राहावे. कविता लिहिताना कवीला आपला शेवट ठाऊक नव्हता. तो आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ही उदासी कवितेतली किती आणि आपण बरोबर आणलेली किती, हे तपासले पाहिजे.

हे तपासायचे कसे? कवितेतील शब्द पाहून. पाण्यावर पसरलेल्या काळेपणाला कवीने 'गोड' म्हटले आहे. डोह म्हणजे मृत्यू असेल, तर हा काळेपणा गोड कसा, याचे उत्तर त्या वाचकाने दिले पाहिजे. असे उत्तर देता येते. उर्दू गझल वाचणाऱ्याला दुःखाची लज्जत ही कल्पना नवी नाही. गम गोड असू शकतो, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. म्हणजे पाहा, जी भाषा आपल्याला अडचण वाटत होती, तीच येथे मदतीला आली!

आता ही कविता आपल्या सोलापुरात वाचून पाहा. आपला जिल्हा कमी पावसाचा. दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेला आहे. आपल्याकडे विहिरीत डोकावून माणूस पाण्याचा रंग पाहतो. काळेशार पाणी म्हणजे खोल पाणी, उन्हाळ्यातही लवकर न आटणारे. उंबराजवळ पाणी असते, असे शेतकरी सांगतात. सोलापूरच्या मुलाला त्या डोहात मृत्यूऐवजी भरवसा दिसला आणि म्हणूनच तो काळेपणा गोड वाटला, तर त्यात चूक काय? एखाद्या मुलीला पाण्यात पाय सोडून बसलेले झाड पाहून दर्ग्याच्या ओट्यावर शांत बसलेला दरवेश आठवेल. तिने दत्तात्रेयांची कथा ऐकलेली नसेल, तरी योग्याच्या अर्थाजवळ ती आपल्या वाटेने पोचली. पुढे ती कथा समजली, की तिचा अर्थ आणखी भरेल.

एका रचनेतून दोन अर्थ निघणे आपल्या ओळखीचे आहे. मिर्झा गालिब यांच्या एका प्रसिद्ध शेरात उजाड रान पाहून बोलणाऱ्याला घर आठवते. मौलाना हाली यांनी १८९७ साली 'यादगारे गालिब' या ग्रंथात त्याचे दोन अर्थ सांगितले. रान इतके भयाण, की भीतीने घराची आठवण झाली, हा एक. आणि आपले घरही असेच उजाड आहे, हे रान पाहून आठवले, हा दुसरा. दोन्ही अर्थ त्याच शब्दांतून निघतात.

मग कोणताही अर्थ चालेल का? नाही. डोहात कोणी बुडाले आहे, असे म्हटले तर ते चालणार नाही. कारण कवितेत तसे काही घडत नाही. झाड होडीची वाट पाहत आहे, असे म्हटले तर होडी कोठे आहे, असा प्रश्न येईल. आपला अर्थ मांडताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, आपण कोणत्या शब्दावरून हा अर्थ काढला, ते सांगावे. दुसरी, जो शब्द आपल्या अर्थाच्या विरुद्ध जातो, तो लपवू नये. तिसरी, दुसऱ्याचा अर्थ पुरता ऐकून घ्यावा. कदाचित आपल्या नजरेतून सुटलेला शब्द त्याला दिसला असेल.

या कवितेच्या शेवटच्या ओळीत एक साधा शब्द आहे, 'असला'. बोट दाखवून आपण म्हणतो ना, "असला मोठा आंबा!" तसाच हा शब्द. कवी झाडाकडे बोट दाखवतो आणि गप्प होतो. असला म्हणजे कसला, हे तो सांगत नाही. ते सांगण्याचे काम त्याने वाचणाऱ्यावर सोपवले आहे. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि शेजारी तेलुगू किंवा कन्नड ऐकणारी सोलापूरची मुलेही त्या वाचणाऱ्यांत आहेत. तेव्हा अर्थ लिहून घेण्याआधी एकदा कविता वाचा आणि तुम्हांला तो औदुंबर कसला दिसला, ते आपल्या शब्दांत लिहा.

शब्दार्थ
अलिप्त – बेताल्लुक. डोह – नदीतील किंवा ओढ्यातील खोल पाणी. अकाली – बेवक्त. आधार – सहारा, दलील. उदासी – गमगिनी.

स्वाध्याय
१. 'औदुंबर' या कवितेचे कोणते तीन अर्थ पाठात सांगितले आहेत?
२. डोह म्हणजे मृत्यू, या अर्थाच्या विरुद्ध कोणता शब्द जातो? का?
३. कारणे लिहा : कवीच्या आयुष्यावरून कवितेचा अर्थ लावताना सावध राहावे.
४. तुमच्या आवडीचा एक उर्दू शेर घ्या. त्याचे दोन अर्थ मराठीत सांगा आणि प्रत्येक अर्थ कोणत्या शब्दावरून काढला, ते लिहा.