चकाकी पहिल्या कागदावरच ठरते

लेथवर पेन करायला नुकती सुरुवात केलेल्या बहुतेकांना वाटतं की आरशासारखी चकाकी शेवटच्या पॉलिशने येते. माझा अनुभव उलटा आहे. पहिला कागद जसा फिरतो, तशी चकाकी मिळते.

असल्फ्यातल्या गाळ्यात ट्यूबलाइटखाली मी एक काळं ॲक्रिलिक पेन केलं होतं. ४०० नंबरपासून २००० पर्यंत वॉटर पेपर मारले, मग बफ. पेन झळाळत होतं. ज्यांच्यासाठी केलं ते मुलुंडचे निवृत्त मास्तर ते खिडकीशी घेऊन गेले आणि म्हणाले, "अहो, यावर रेघा दिसताहेत." खरंच होतं. उन्हात पेनाभोवती बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. त्या कोरणीच्या होत्या आणि ४०० च्या कागदाने त्या पूर्ण काढल्या नव्हत्या.

पी ४०० कागदाचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, पी २००० चा १० मायक्रॉनचा. जाड कणाने पाडलेली चर बारीक कणाने भरून निघत नाही, नुसत्या तिच्या कडा चमकतात. म्हणून पुढचे कागद कितीही घासले तरी पहिली राहिलेली रेघ उठूनच दिसते. प्रकाशाच्या लहरी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या असतात. ओरखडे त्याहून बारीक झाले की डोळ्याला ते दिसेनासे होतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत भासतो.

त्यामुळे ४०० वर थांबा. पेन कोरडं करा, कारण पाणी चरांत भरून त्या झाकतं आणि ओलं पेन नेहमीच चकाकतं. मग दिवा आडवा धरून पाहा. सगळीकडे एकसारखी निस्तेज छटा दिसेपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. लेथ फिरत असताना सगळे ओरखडे गोल पडतात, म्हणून प्रत्येक नंबरानंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने हाताने घासा. आधीच्या गोल रेघा राहिल्या असतील तर त्या आडव्या उठून दिसतात. नंबर बदलताना पेन, हात आणि पाणी तिन्ही स्वच्छ करा. जाड कागदाचा एक कण बारीक कागदाखाली आला तरी नवा ओरखडा पडतो.

शाळेतल्या कॅम्लिनच्या पेनाला ही मेहनत लागत नव्हती. दिगंबर दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या आणि पुढे अंधेरीत विस्तारलेल्या या कंपनीच्या साच्यातल्या पेनाची चकाकी मुळात पॉलिश केलेल्या साच्याचीच असते. आपण कोरलेल्या पेनाला ती हातानेच द्यावी लागते.

दाब हलका ठेवा. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांजवळ मऊ पडतं आणि उष्णता पटकन पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे सगळी ऊब घासलेल्या जागीच साठते. आतली पितळी नळी त्यामानाने कमी प्रसरण पावते. ताण वाढला की तडा जातो. पाणी आणि त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, एवढ्याने काम भागतं. कोरडं घासू नका. फ्लॅटमध्ये तर मुळीच नको, ती धूळ घरभर फिरते. पांढऱ्या किंवा फिकट ब्लँकला घासताना लोखंडी बुश काढून ठेवा, नाहीतर लोखंडाची करडी पूड प्लॅस्टिकवर बसते. पावसाळ्यात लेथच्या बेडवर प्लॅस्टिक पसरा. हवाच इतकी दमट असते की एका रात्रीत गंज धरतो.

जुन्या सेल्युलॉइडचं पेन हाती आलं तर बफिंग व्हीलपासून लांब ठेवा. ते सहज पेट घेतं.

पेन सुपूर्द करताना गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगा: सॅनिटायझर, स्पिरिट किंवा थिनर लावू नका. ॲक्रिलिकमध्ये कोरणीचा ताण उरलेला असतो आणि अल्कोहोल लागलं की त्यावर केसासारख्या भेगा उमटू शकतात. त्या पुन्हा पॉलिश करून जात नाहीत. मऊ सुती फडकं आणि साधं पाणी पुरे.