सदनिकेतील विजेची गिटार

विजेवर चालणारी गिटार विकत घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाला दुकानात जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा वाद्याविषयीचे असतात: रंग कोणता हवा, कोणत्या वादकाच्या धर्तीची हवी, खर्चाची मर्यादा काय. परंतु ज्या खोलीत ते वाद्य वाजावयाचे आहे तिच्या भिंती किती जाड, तिच्यातील सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, आणि शिकणाऱ्याला सवड मिळते ती संध्याकाळी सहाला की रात्री साडेदहाला, हे कोणी विचारीत नाही. आणि माझा अनुभव असा की, नवशिका पुढे टिकतो की वाद्य कपाटावर चढते, याचा निकाल बव्हंशी या न विचारलेल्या प्रश्नांवरच लागतो.

महसूल खात्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या माणसाने डोंबिवलीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर विजेची गिटार शिकावयास बसावे, हे शेजाऱ्यांना जितके चमत्कारिक वाटले तितके मला स्वतःला वाटले नाही. आमच्या लहानपणी गिटार ऐकू येई ती हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविलेली. व्हॅन शिप्ले यांनी त्या वाद्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ऐकत आम्ही वाढलो, आणि तो लांबवर ताणला जाणारा, मानवी कंठाशी सलगी करणारा स्वर कानांत कायमचा राहिला. त्यामुळे माझा भाचा न्यूजर्सीचे बिऱ्हाड मोडून परत आला आणि "मामा, गिटार आणि अ‍ॅम्प तुम्हीच ठेवा, मला आता इकडे वेळ कुठला," असे म्हणाला, तेव्हा मी फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

त्या अ‍ॅम्पची, म्हणजे गिटारीतून येणारा क्षीण विद्युत्-संकेत वाढवून ऐकविणाऱ्या पेटीची, कैफियत तपशीलवार नमूद केली पाहिजे, कारण परदेशस्थ आप्तांकडून अशी उपकरणे येण्याचा प्रघात मराठी घरांत आता चांगलाच रुळला आहे. अमेरिकेतील घरगुती वीज 120 व्होल्ट व 60 हर्ट्झची. आपली 230 व्होल्ट व 50 हर्ट्झची. तिकडच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात बसेनात, म्हणून विजेच्या सामानाच्या एका दुकानातून "कन्व्हर्टर" या नावाखाली एक लहानशी वस्तू आणण्यात आली. दुकानदाराने ती मोठ्या खात्रीने दिली होती. वस्तुतः ती पिनांचा आकार तेवढा बदलणारी होती, विजेच्या दाबाशी तिचा काडीमात्र संबंध नव्हता. बटण दाबताच पेटीतून एक घुमारा उठला, पाठोपाठ जळक्या लाखेचा वास आला आणि फ्यूज गेला. दुरुस्ती करणाऱ्याने दुसरा फ्यूज घातला, तोही गेला. अखेर पेटी उघडून पाहता आतील रोहित्रच होरपळल्याचे निष्पन्न झाले.

ज्याच्या घरी असे उपकरण येईल त्याने बटणाकडे हात नेण्यापूर्वी त्याची पाठ वाचावी. तेथे 100 ते 240 व्होल्ट असा मजकूर असेल तर केवळ पिना बदलल्याने भागते. काही पेट्यांना दाब निवडण्याचे बटण असते, ते 230 वर आणून ठेवावे. परंतु नुसते 120 लिहिलेले असेल तर दाब उतरविणारे स्वतंत्र रोहित्र घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या रोहित्राची क्षमता पेटीच्या पाठीवरील वीजवापराच्या आकड्याहून बरीच अधिक असली पाहिजे. येथे आवाजाचे वॅट नव्हे, वापराचे वॅट पाहावयाचे. निर्वात नळ्यांच्या पेट्यांत हे दोन आकडे परस्परांपासून फार दूर असतात. शिवाय केवळ 60 हर्ट्झसाठी घडविलेले रोहित्र 50 हर्ट्झवर अधिक तापते, ही अडचण उरतेच. हा सारा खटाटोप आणि त्याचा खर्च पाहता, इथल्या विजेसाठी बनविलेली लहान पेटी इथेच विकत घेणे नवशिक्याला पुष्कळ सोयीचे पडते.

रोहित्र नव्याने गुंडाळून घेतल्यावर पेटी बोलू लागली, आणि लगेच दुसरे प्रकरण उपस्थित झाले. ती चाळीस वॅटची, नळ्यांची होती. अशा पेटीचा स्वर तिला थोडी मोकळीक दिल्याखेरीज खुलत नाही, आणि मोकळीक दिली की खालच्या मजल्यावरील फडताळातील भांडी साथ करू लागतात. संस्थेच्या चिटणिसांकडून सौम्य शब्दांतील एक पत्र आले, आणि ते सर्वस्वी रास्त होते. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी विभागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा ठरविली आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंतचा काळ. नोकरदार माणसाची सवड नेमकी याच मुदतीत येते.

वॅटांविषयी जो गैरसमज दुकानांत पोसला जातो त्याचा खुलासा येथेच केलेला बरा. वॅट दुप्पट केले असता आवाजात केवळ तीन डेसिबलांची भर पडते. कानाला आवाज दुप्पट भासावा यासाठी वॅट सुमारे दहापट व्हावे लागतात. म्हणजे शंभर वॅटच्या पेटीपुढे दहा वॅटची पेटी ही निम्म्या आवाजाची ठरते, दशांश आवाजाची नव्हे. आणि ज्याला दहा फूट लांबीच्या खोलीत बसावयाचे आहे त्याला पाच ते दहा वॅट हे गरजेहून अधिकच आहेत. त्याने वॅट मोजण्याऐवजी पेटीला हेडफोनचे छिद्र आहे का, ते जोडताच पेटीचा आवाज बंद होतो का, आणि मोबाइलमधील तानपुरा किंवा तालयंत्र तिच्यात जोडता येते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. ज्याचे सर्व वादन रात्रीच व्हावयाचे आहे त्याला तर पेटीचीही गरज नाही: गिटारीच्या छिद्रात थेट खोचावयाचे, आगपेटीहून थोडेसे मोठे असे हेडफोन-अ‍ॅम्प आता मिळतात, आणि व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग हा त्यांतला परिचित नमुना. मात्र हेडफोन तारेचा असावा. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये तार छेडल्यानंतर स्वर कानी येण्यास जो विलंब लागतो तो गाणी ऐकताना जाणवत नाही, पण स्वतः वाजविणाऱ्याचा ताल त्याने पार मोडतो.

घरातल्या संगीतसंचालाच गिटार जोडून पैसे वाचविण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. ती फसते, आणि का फसते हे कळलेले बरे. गिटारीच्या पेटीतील ध्वनिक्षेपक साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचे स्वरांश जवळजवळ गिळून टाकतो, आणि आपल्या कानाला परिचित असलेला गिटारीचा गोलाई असलेला आवाज याच गिळण्यातून निर्माण होतो. संगीतसंच ते सारे प्रामाणिकपणे ऐकवितो, म्हणून त्यातून गिटार कर्कश, माशी घोंघावल्यासारखी ऐकू येते. संगणकाला जोडावयाची असल्यास मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागते, आणि तिच्यावरील "इन्स्ट्रुमेंट" असे लिहिलेले बटण दाबण्यास विसरल्यास आवाज मंद व निस्तेज येतो.

आता अर्थिंगचा विषय, ज्याकडे आपल्या जुन्या इमारतींत अक्षम्य दुर्लक्ष होते. विजेच्या गिटारीचे मर्म तिच्या पिकअपमध्ये आहे: लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात, वर पोलादी तार कंप पावते, आणि फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेल्या नियमानुसार त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. परंतु हे वेढे गिटारीच्या तारेइतक्याच तत्परतेने घरातील पंख्याच्या रेग्युलेटरची व दिव्यांची कुरकुरही टिपतात. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास दोन वेढे परस्परांविरुद्ध जोडून ही गुणगुण मारण्याची तोड काढली, त्या जोडवेढ्याला हंबकर म्हणतात. एकेरी वेढ्याच्या गिटारीला मात्र बसण्याची दिशा बदलून वा रेग्युलेटरपासून दूर सरकून थोडाफार आराम मिळतो, तेवढाच. इथपर्यंत प्रश्न केवळ कानाचा आहे. जिवाचा प्रश्न पुढे आहे. गिटारीच्या तारा घोडीमार्फत पेटीच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि भिंतीतील अर्थिंग नुसते नावापुरते असून पेटीत काही बिघाड झाला, तर तीच वीज तारांमार्फत बोटांत उतरू शकते. माझ्या खोलीतील तीन छिद्रांच्या सॉकेटामागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती, हे वायरमनने चाचणी-दिवा लावून पाहिल्यावर उघडकीस आले. इमारत बांधणाऱ्याने छिद्र तेवढे दिले होते. तेव्हा गिटार आणण्याआधी वायरमनला बोलवावे, गळती होताच वीज तोडणारी ईएलसीबी घरात आहे की नाही तेही त्याच्याकडून पाहून घ्यावे, आणि प्लग बसत नाही म्हणून तिसरी पिन कापण्याचा सल्ला कोणीही, कितीही आपुलकीने दिला तरी, मानू नये.

घराची अशी तपासणी झाल्यावर वाद्याकडे वळावे. माझा आग्रह एवढाच की, रंगरूपापेक्षा गिटारीच्या लावणीला, म्हणजे मान व तारा नीट जुळवून घेण्याला, महत्त्व द्यावे. मिरजेचे कारागीर जवारी काढून दिल्यावाचून तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. गिटार मात्र कारखान्यातून खोक्यात येते आणि खोक्यातूनच विकली जाते, मग तिची मान प्रवासात वाकलेली असो वा तारा बोटभर उंच असोत. उंच तारांनी नवशिक्याची बोटे सोलवटतात, आणि तो बिचारा दोष स्वतःच्या बोटांना देतो. बाराव्या पडद्यावर तार दीड ते दोन मिलिमीटर उंच असावी. दुकानात प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून ती कुठे खरखरते का ते ऐकावे. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या नेमक्या वरच्या सप्तकात येतो का ते ट्यूनरवर पाहावे. आणि मानेच्या कडेवरून तळवा फिरवून पडद्यांची टोके बोचतात का ते तपासावे. विक्रेत्याला घाई असेल तर तो दिवस सोडून द्यावा. लावणी करून देणाऱ्या जाणत्या कारागिराला जे थोडे पैसे अधिक द्यावे लागतात, ते या साऱ्या खर्चातील सर्वांत सार्थकी लागलेले असतात असे माझे ठाम मत आहे. तारा पहिल्या वर्षी बारीक, नऊच्या जाडीच्या असाव्यात.

घोडी स्थिर असावी, किंवा निदान साध्या प्रकारची असावी. आमच्या इमारतीतील एका महाविद्यालयीन मुलाने दुहेरी कुलुपांची, तरंगत्या घोडीची गिटार घेतली, कारण त्याच्या आवडत्या वादकाकडे ती होती. त्या घोडीवर स्प्रिंगांचा व तारांचा ताण परस्परांना तोलून धरीत असल्याने एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि नवी तार चढवावयाची तर पाने, कुलुपे व अपार सोशिकता लागते. त्याची पहिली तार तुटली ती परीक्षेच्या तोंडावर, आणि ती जोडण्याचे काम पुढे जे लांबणीवर पडले ते आजतागायत. पिकअपची मांडणी घोडीपाशी हंबकर व इतरत्र दोन एकेरी वेढे अशी असल्यास निरनिराळ्या धाटणीचे आवाज एकाच वाद्यात मिळतात. यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतील 012 व 112 हे नमुने याच मांडणीचे आहेत, आणि शिकाऊ माणसास मी डोळसपणे सुचवू शकेन अशा गिटारींत त्यांची गणना करतो.

आवाज फोडून खरखरीत करणाऱ्या पेडलांच्या मोहात पहिले वर्षभर तरी पडू नये. त्या खरखरीखाली न दाबलेली तार, अर्धवट उमटलेला स्वर आणि चुकलेला आघात हे सर्व झाकले जाते. ऐकणाऱ्याला ते कळत नाही, आणि शिकणाऱ्यालाही कळेनासे होते.

कोकणपट्टीत राहणाऱ्यांना पावसाळ्याची तरतूद निराळी करावी लागते. दमट हवेने तारा गंजतात, मान किंचित हलते, आवाजाचे खुंट फिरविताना खरखरू लागतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, गिटार पावसाचे झोत खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून न ठेवता पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि मृगात लावलेली लावणी दिवाळीनंतर पुन्हा एकदा पाहून घ्यावी.

जुनी गिटार स्वस्तात मिळाल्यास अवश्य घ्यावी, पण ती पेटीला जोडून, प्रत्येक खुंट व प्रत्येक बटण फिरवून, आणि मान सरळ करणारा आतील दांडा अद्याप दोन्ही दिशांना फिरतो याची खातरजमा करूनच. नवी घेतल्यास पावतीवर गिटारीचा अनुक्रमांक, लावणी करून दिल्याचा उल्लेख आणि दोष आढळल्यास बदलून देण्याची मुदत, या तीन बाबी दुकानदाराकडून स्वहस्ते लिहून घ्याव्यात. तो "आपलेच दुकान आहे, साहेब" असे म्हणू लागल्यास त्याच्या हाती लेखणी द्यावी.