दोष अम्लाचा नव्हता

ज्या डॉक्टरांनी आमच्या थोरल्या बंधूंच्या जठरातील व्रण केवळ अम्लशामक गोळ्यांनी भरून काढण्याचा हट्ट महिनोन्‌महिने सोडला नाही, आणि तो भरत नाही असे दिसताच उलट रोग्याच्याच वर्तनावर संशय घेतला, त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांनी जे ध्यानात घेतले नाही ते इतरांनी तरी घ्यावे, एवढ्यासाठी ही कैफियत. यकृताचा सिरोसिस, वाढलेली प्लीहा, घसरलेल्या प्लेटलेट्स, ही सारी नोंद असलेले कागद मी त्यांच्या मेजावर ठेवले होते. ते बाजूस सारून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "चोरून घेत नाहीत ना?" ज्या गृहस्थाने जन्मात मद्याला स्पर्श केला नाही, तो शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता. पुढे गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक त्यांनीच लिहून दिले, आणि शौच काळे होऊ लागले तेव्हा "लोहाच्या गोळ्यांचा रंग आहे" असे सांगून आमची बोळवण केली.

उलगडा झाला तो दुसऱ्या शहरातील यकृततज्ज्ञांकडे. दुर्बिणीतून दिसणारे जठर त्यांनी पडद्यावर दाखविले: सापाच्या कातडीसारखी खवल्याखवल्यांची जाळी आणि तीवर लाल ठिपके. "यांच्या जठरात अम्लापेक्षा दाबाचा उपद्रव मोठा आहे," ते शांतपणे म्हणाले. आणि माझा इतके दिवसांचा संताप त्या एका वाक्याने सार्थ ठरला.

जठर, आतडी व प्लीहा यांचे रक्त यकृतात नेणारी जी पोर्टल शीर, तिच्यातील दाब यकृत कठीण झाल्याने वाढतो. यकृताच्या शिरांतून मोजला असता पोर्टल शीर व यकृताच्या शिरा यांच्या दाबांतील सामान्यतः पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत असणारा फरक १० वर गेला की उपद्रव संभवतात, आणि १२ च्या पुढे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटण्याचे भय असते. जठराच्या अस्तरातील सूक्ष्म वाहिन्या रक्ताने तट्ट फुगतात, पण पेशींना प्राणवायू मात्र पुरेसा पोहोचत नाही. नायट्रिक ऑक्साइड अतिरिक्त निर्माण होते, संरक्षक प्रोस्टाग्लँडिन उणावते, आणि जखमेच्या कडेच्या पेशींनी वाढून ती झाकावी असा जो संकेत त्यांना मिळावयाचा तो क्षीण होतो. अशा अस्तरावर वेदनाशामक गोळी म्हणजे उरलेसुरले प्रोस्टाग्लँडिनही काढून घेणे. सबब, सिरोसिसच्या रोग्याने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांना हात लावू नये. पॅरासिटामॉलही वैद्याने ठरविलेल्या मर्यादेतच घ्यावे.

अम्लशामक गोळ्या सर्वथा निरुपयोगी, असे मी म्हणत नाही. खरा व्रण असेल तर त्या हव्यातच. परंतु कारणावाचून त्या चालू ठेवल्यास जलोदराच्या पाण्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढू शकतो. दाब उतरविण्याचा इलाज म्हणजे प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. प्रोप्रानोलॉलने पोर्टल शिरेतील दाबामुळे होणाऱ्या जठराच्या या विकारातील रक्तस्राव पुन्हा होण्याचे प्रमाण घटते हे स्पेनमधील वैद्यांनी १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखविले होते. ही काही कालची गुप्त वार्ता नव्हे! दम्याच्या रोग्याने ती औषधे घेऊ नयेत, आणि कोणीही ती मनानेच एकाएकी बंद करू नयेत.

जेवण वेळेवर घ्यावे, मन शांत ठेवावे. हे मात्र सगळेच सांगतात. दुर्बिणीचा अहवाल व सोनोग्राफी डॉक्टरांनी एकत्र पाहावी असा आग्रह धरावा, त्यांनी त्रासिक चेहरा केला तरी. लोहाने शौच काळे होते हे खरे; पण हिमोग्लोबिन घसरत असेल किंवा शौच काळे असून चिकट व दुर्गंधी असेल, तर कोणाच्याही समजुतीवर विसंबून न राहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.